परदेशात पदव्युत्तर शिक्षण : मदत कोणाकडे असते आणि ती केव्हा मागायची

ब्रिटनमधली अध्यापनप्रधान मास्टर्स पदवी साधारणपणे एका वर्षाची असते. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात, दहा-बारा आठवड्यांचे पहिले सत्र नाताळच्या आधी आटोपते, जवळजवळ तेवढेच दुसरे सत्र वसंत ऋतूत होते आणि उन्हाळा प्रबंधिका लिहिण्यात जातो. पहिले लेखी असाइनमेंट बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यातच द्यावे लागते. पदवीनंतर एखाद्या मोठ्या कंपनीत रुजू व्हायचे असेल, तर तिचे अर्जही शरद ऋतूतच खुले होतात आणि पुष्कळदा वर्ष संपायच्या आत बंद होतात. नव्या गावात रुळायला एखाद्याला तीन महिने लागले, तर त्यात फारसे नवल नाही. पण तेवढ्यात त्याच्या पदवीचा चौथा हिस्सा संपलेला असतो.

हा हिशेब आधीच मांडण्याचे कारण असे की, विद्यापीठांतली विद्यार्थी-सहाय्याची बहुतेक यंत्रणा मुळात अठरा वर्षांच्या, प्रथमच घर सोडून आलेल्या आणि पुढची तीन-चार वर्षे तिथेच राहणार असलेल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. पदव्युत्तर विद्यार्थी वयाने मोठा असतो, त्याने पूर्वी पदवी घेतलेली असते, कधी नोकरीही केलेली असते, आणि त्यामुळे त्याला सारे ठाऊक असणार असे विद्यापीठही गृहीत धरते आणि तोही धरतो. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला वेळ कमी पडतो. पीएचडीच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी उलटी असते : वेळ भरपूर, पण वेळापत्रक नाही, वर्गमित्र नाहीत, आणि दिवसभर काय केले हे विचारणारेही कोणी नाही. दोघांनाही मदत उपलब्ध असते. ती एका खिडकीवर मिळत नाही आणि आपणहून चालत येत नाही, एवढेच.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. मदत मागणे म्हणजे कोणाच्या मेहेरबानीची याचना नव्हे. काही देशांत ती विद्यापीठांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणसेवांविषयी २००० साली कायदा झाला आणि त्याखालील २०१८ च्या राष्ट्रीय संहितेनुसार प्रत्येक संस्थेला नव्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या वयाला आणि संस्कृतीला साजेसा ओरिएंटेशन कार्यक्रम ठेवावा लागतो, अभ्यासात टिकून राहण्यासाठी वाजवी सहाय्य वेगळे शुल्क न घेता द्यावे लागते आणि परदेशी विद्यार्थ्यांशी संपर्कासाठी कर्मचारी नेमावे लागतात. न्यूझीलंडमध्ये २०२१ ची विद्यार्थी-कल्याण संहिता १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि ती देशी-परदेशी अशा दोन्ही विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर टाकते. जिथे असा स्वतंत्र कायदा नाही, तिथेही या सेवांचा खर्च बहुधा शुल्कातूनच भागवला जातो. थोडक्यात, समुपदेशकाकडे किंवा लेखन-केंद्रात न जाणारा विद्यार्थी विद्यापीठाचे काही वाचवत नाही. पैसे भरलेली सेवा तो वापरत नाही, इतकेच.

आता ही मदत विभागलेली कशी असते ते पाहू. परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय, ज्याला बहुतेक जण इंटरनॅशनल ऑफिस म्हणतात, ते व्हिसा आणि त्याच्या अटी सांभाळते. अमेरिकेत या कार्यालयातील डीएसओ (डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल) या पदावरील अधिकाऱ्याला कायदेशीर महत्त्व आहे, कारण विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीत तोच अद्ययावत ठेवतो. पत्ता बदलला तर विद्यार्थ्याने तो १० दिवसांच्या आत कळवायचा असतो, आणि एखादा विषय सोडून ठरलेल्यापेक्षा कमी भार घ्यायचा असेल, तर सोडण्याच्या आधी डीएसओची मंजुरी घ्यावी लागते. ‘आधी’ हा शब्द इथे निर्णायक आहे. प्राध्यापकांनी ‘हरकत नाही, विषय सोड’ असे म्हटले आणि विद्यार्थ्याने तो सोडला, तर शैक्षणिकदृष्ट्या सारे ठीक असते, पण व्हिसाच्या दृष्टीने तो नियमभंग ठरू शकतो. प्राध्यापकांना व्हिसाचे नियम ठाऊक असतातच असे नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. अभ्यासाचे प्रश्न विभागाकडे आणि वास्तव्याचे प्रश्न इंटरनॅशनल ऑफिसकडे, ही वाटणी पहिल्या दिवशीच मनात पक्की करून घ्यावी. एखादा निर्णय दोन्हीकडे पोहोचत असेल, तर दोन्हीकडे विचारावे.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगता येतील. शुल्काचे हप्ते आणि आणीबाणीच्या काळातील आर्थिक मदत वित्त विभागाकडे किंवा विद्यार्थी-कल्याण कक्षाकडे असते. अपंगत्व, दीर्घ आजार किंवा डिस्लेक्सिया असेल, तर परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलतींसाठी वेगळे कार्यालय असते आणि तिथली नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच करावी लागते, कारण कागदपत्रे तपासायला त्यांनाही आठवडे लागतात. विद्यार्थी संघटनेचा सल्ला-कक्ष पुष्कळ ठिकाणी विद्यापीठापासून स्वतंत्र असतो. विद्यापीठाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा हे स्वातंत्र्य उपयोगी पडते. विषयवार ग्रंथपाल हा मात्र सर्वांत दुर्लक्षित मदतनीस म्हणावा लागेल. डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यावा आणि संदर्भ कसे जपून ठेवावेत, हे त्याच्याकडून तासाभरात शिकता येते, आणि हेच स्वतः चाचपडत शिकण्यात कित्येक जण पहिले सत्र घालवतात.

पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अडचण येते ती कामांच्या संख्येपेक्षा त्यांच्या क्रमामुळे. एका कागदावर दुसरा कागद अवलंबून असतो. जर्मनी हे त्याचे चांगले उदाहरण. तिथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते. त्या नोंदणीसाठी घरमालकाने सही केलेले निवासाचे प्रमाणपत्र लागते. आणि नोंदणीचा कागद पुढे बँकेपासून निवास-परवान्यापर्यंत सगळीकडे मागितला जातो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेली रक्कम दरमहा ठरावीक हप्त्यानेच हाती येते आणि ती जमा होण्यासाठी आधी चालू खाते उघडावे लागते. म्हणून ‘खोली देतो, पण पत्त्याची नोंदणी करता येणार नाही’ असे सांगणारा घरमालक स्वस्त वाटला तरी विद्यार्थ्याची सगळी साखळीच अडवून ठेवतो. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असलेल्यांना सोशल सिक्युरिटी क्रमांक काम मिळाल्याखेरीज दिला जात नाही, त्यामुळे तो नसतानाही खाते उघडून देणारी बँक आणि फोन देणारी कंपनी कोणती, हे आधी विचारून घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये प्लास्टिकच्या निवास-कार्डाची जागा आता ऑनलाइन ई-व्हिसाने घेतली आहे. पासपोर्ट नवा काढला, तर त्याची नोंद ई-व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात करायची राहून जाते आणि मग विमानतळावर खोळंबा होतो. ज्या देशात जायचे तिथल्या कागदांचा असा क्रम इंटरनॅशनल ऑफिसच्या पानावर किंवा आधीच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याकडून मिळतो, आणि तो प्रवासाआधी एका कागदावर उतरवून घेतला तर पहिला आठवडा बराच सुसह्य होतो.

घराबाबत एकच नियम कडकपणे पाळावा : न पाहिलेल्या घरासाठी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत. ‘मी सध्या देशाबाहेर आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ ही फसवणुकीची इतकी जुनी तऱ्हा आहे की तिला आता कोणी बळी पडू नये, पण दर सप्टेंबरात पडतात, कारण त्या वेळी खोल्या खरोखरच अपुऱ्या असतात आणि माणूस घाबरलेला असतो. पहिले काही आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा तात्पुरत्या जागेत काढून मग प्रत्यक्ष पाहून घर घेणे थोडे महाग पडले तरी शहाणपणाचे ठरते. भाडेकरार सही करण्यापूर्वी विद्यार्थी संघटनेच्या सल्ला-कक्षात दाखवता येतो, आणि ही सेवा बहुधा मोफत असते. इंग्लंडमध्ये खासगी घराची अनामत घरमालकाने ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवायची असते. ती ठेवली की नाही हे विचारण्याचा भाडेकरूला पूर्ण हक्क आहे. जामीनदार मागितला जातो आणि त्या देशात ओळखीचे कोणी नसते, अशा वेळी काही विद्यापीठे स्वतःच जामीन राहतात, हेही पुष्कळांना माहीत नसते. फसवणुकीचा दुसरा प्रकार फोनवरून होतो : ‘तुमच्या व्हिसात घोटाळा आहे, ताबडतोब दंड भरा.’ कोणतेही इमिग्रेशन खाते फोनवरून गिफ्ट कार्डाने दंड वसूल करत नाही. फोन ठेवावा आणि इंटरनॅशनल ऑफिसला कळवावे.

आरोग्याच्या बाबतीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वयाचा एक खास अडथळा येतो. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विम्याचा विद्यार्थी-दर सर्वसाधारणपणे वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. काही वर्षे नोकरी करून पीएचडीला गेलेल्या माणसाने हा फरक अंदाजपत्रकात धरला नाही, तर दरमहा फटका बसतो. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरलेला असतो, पण त्याचा उपयोग व्हायचा तर आपल्या भागातील जीपीकडे, म्हणजे प्राथमिक डॉक्टरकडे, नाव नोंदवावे लागते. ते आजारी पडल्यावर नव्हे, पोहोचल्याच्या आठवड्यात करायचे काम आहे. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा विमा व्हिसाच्या पूर्ण कालावधीसाठी घेणे बंधनकारक असते. कुठल्याही विम्यात दात आणि डोळे बहुधा धरलेले नसतात, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी वेगळे नियम असतात. नियमित औषधे चालू असतील, तर औषधाचे मूळ नाव लिहिलेले डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात.

कामाच्या तासांचे नियम वरवर सोपे दिसतात आणि म्हणूनच चुका होतात. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि आठवडा सोमवार ते रविवार असा मोजला जातो. एका आठवड्यात २५ आणि दुसऱ्यात १५ तास करून सरासरी काढता येत नाही. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांची हमखास चूक उन्हाळ्यात होते. पदवीपूर्व मित्रांना सुट्टी लागलेली असते आणि ते पूर्णवेळ काम करत असतात, म्हणून आपल्यालाही चालेल असे वाटते. पण प्रबंधिकेचा काळ हा सुट्टी नसून सत्राचाच भाग असतो आणि २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याला सत्रात कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येते आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर सर्वसाधारणपणे परवानगी नसते. ऑस्ट्रेलियात मर्यादा पंधरवड्याला ४८ तासांची आहे, पण संशोधन-पदवी सुरू झालेल्या विद्यार्थ्यांना ती लागू नाही. हे आकडे सरकारे अधूनमधून बदलतात, त्यामुळे मित्राच्या सांगण्यापेक्षा आपल्या व्हिसा-पत्रावर काय लिहिले आहे ते प्रमाण मानावे.

इथवरचा सगळा भाग कागदांचा होता आणि कागद कसेही का होईना, मार्गी लागतात. खरी अडचण वर्गात सुरू होते, आणि तिच्याबद्दल ओरिएंटेशनमध्ये क्वचितच बोलले जाते. प्रत्येक शिक्षणव्यवस्थेचे काही अलिखित नियम असतात. ते तिथे वाढलेल्यांना इतके अंगवळणी पडलेले असतात की, ते नियम आहेत हेच त्यांना जाणवत नाही. वाचनयादीत ४० लेख दिलेले असतात, त्यातले सगळे वाचायचे नसतात. दोन-तीन मुळापासून वाचायचे आणि बाकीच्यांचा युक्तिवाद काय आहे एवढे हेरायचे, ही अपेक्षा असते. नवा विद्यार्थी चाळीसही वाचायला बसतो, दमतो आणि आपणच कमी पडतो असे समजतो. सेमिनारमध्ये गप्प बसणे हे नम्रतेचे लक्षण न मानता तयारी नसल्याचे लक्षण मानले जाऊ शकते. प्राध्यापकांच्या मताशी साधार असहमती दाखवणे उद्धटपणाचे ठरत नाही, उलट त्यासाठीच गुण असतात. ऑफिस अवर्स म्हणजे प्राध्यापक कामात असल्याची वेळ नव्हे. विद्यार्थ्यांनी दार वाजवावे म्हणून राखून ठेवलेली ती वेळ असते.

गुणांचेही तसेच. ब्रिटिश मास्टर्समध्ये बहुतेक ठिकाणी ५० गुणांना उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन मिळते, म्हणजे ६८ गुण हा उत्तम निकाल आहे. ज्याला आजवर ८५-९० ची सवय आहे, त्याला तो आकडा अपमानासारखा लागतो. अमेरिकी पदव्युत्तर शाळांत उलट स्थिती असते : तिथे सरासरी बी, म्हणजे ४ पैकी ३, टिकवणे बहुधा सक्तीचे असते आणि सी हा धोक्याचा इशारा समजला जातो. अभिप्रायाची भाषाही शिकावी लागते. ‘या मुद्द्याकडे पुन्हा पाहता येईल का’ असे मार्गदर्शकाने लिहिले असेल, तर ती विनंती नव्हे; तो भाग बदला असा तो स्पष्ट निरोप आहे. सौम्य शब्दांतली सूचना ऐच्छिक समजून सोडून देणारे आणि नंतर तीच उणीव अंतिम मूल्यमापनात पाहून चकित होणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

उसनवारीचा, म्हणजे प्लेजरिझमचा प्रश्न याच अलिखित नियमांतला, पण परिणामाने सर्वांत गंभीर. दुसऱ्याचा मजकूर स्रोत न सांगता वापरू नये, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. गोंधळ होतो तो पुढच्या पायऱ्यांवर. स्रोत दिला, पण वाक्यरचना मूळ लेखकाचीच ठेवून चार शब्द बदलले, तर तेही दोषास पात्र ठरते. आपलाच पूर्वीचा निबंध पुन्हा सादर करणे हाही पुष्कळ ठिकाणी नियमभंग आहे. मित्राला नमुना म्हणून दिलेली फाइल त्याने उतरवली, तर चौकशी दोघांची होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दलचे नियम तर एकाच विभागातल्या दोन विषयांत वेगवेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक असाइनमेंटपुरते ते तपासावे आणि शंका असेल तर ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. लेखन-केंद्रात व्याकरण सुधारून देतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तिथले चांगले शिक्षक युक्तिवाद कसा रचावा आणि दुसऱ्याचे मत आपल्या शब्दांत कसे मांडावे हे शिकवतात. पहिल्या असाइनमेंटच्या आधी तिथे एक भेट घेणे हा माझ्या मते अख्ख्या वर्षातला सर्वांत फायद्याचा तास असतो.

संशोधन करणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाचे असते ते मार्गदर्शकाशी असलेले नाते. या नात्यात गैरसमजाला भरपूर जागा असते. काही जण मार्गदर्शकाला वडीलधारे मानून तो सांगेल ते करण्याची वाट पाहतात, तर मार्गदर्शक समजतो की विद्यार्थ्याला स्वतःचे काही म्हणायचेच नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच काही गोष्टी उघडपणे विचारून घ्याव्यात : भेट किती दिवसांनी व्हावी, मसुदा वाचायला किती दिवस लागतात, अर्धवट मजकूर दाखवलेला चालतो का, ईमेलला उत्तर न आल्यास आठवण कधी करावी, रजेचे कसे, आणि शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरतो. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण निबंध तयार झाल्यावर तो विचारणे त्याहून अवघड जाते. प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते पाच-सहा ओळींत लिहून मार्गदर्शकाला पाठवावे. ही साधी सवय दोघांच्याही विस्मरणावर औषध आहे आणि पुढे कधी वाद झालाच, तर पुरावाही तोच असतो. बहुतेक विद्यापीठांत मुख्य मार्गदर्शकाखेरीज दुसरा मार्गदर्शक किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा समन्वयक असतो. नाते बिघडल्यावर त्याच्याकडे जाणे ही चहाडी नसते, त्यासाठीच त्याची नेमणूक असते. मार्गदर्शक बदलताही येतो. मात्र जितका उशीर, तितके ते कठीण, आणि प्रकल्पाचा निधी त्याच मार्गदर्शकाकडून येत असेल तर आणखी कठीण.

आता मनाच्या अवस्थेबद्दल. ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय बहुधा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांना दिले जाते. त्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सुरुवातीचे अप्रूप, मग वैताग, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे अशा पायऱ्या सांगितल्या. त्याआधी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून परतलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांना असे दिसले की सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेले लोक समाधानी होते. मधल्या कालावधीचे लोक सर्वांत कमी रुळलेले होते. इंग्रजी यू अक्षरासारखा तो आलेख पुढे ओरिएंटेशनच्या प्रत्येक सादरीकरणात जाऊन बसला. त्या आलेखावर विसंबायचे, तर एका वर्षाची मास्टर्स करणारा विद्यार्थी खड्ड्यात उतरतो तेव्हाच त्याला परतावे लागते, चढण त्याच्या वाट्याला येतच नाही.

सुदैवाने तो आलेख सर्वांना लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांचा पोहोचल्यापासून वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा त्रास सर्वाधिक होता तो अगदी सुरुवातीला, आणि नंतर तो कमी होत गेला. यातून माझ्या मते व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी की, पहिल्या दिवसांत वाटणारा एकाकीपणा हा आपण चुकीच्या ठिकाणी आल्याचा पुरावा मानू नये, आणि ‘सगळ्यांचे पहिले महिने मजेत जातात, माझेच काहीतरी बिघडले’ असेही समजू नये. मदतीची गरज सर्वाधिक असते तो काळ आणि मदत कुठे आहे हे सर्वांत कमी माहीत असते तो काळ, हे दोन्ही एकच असतात. म्हणूनच विद्यापीठाने पहिल्या आठवड्यात सगळी माहिती एकदम ओतण्यापेक्षा ती सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा द्यावी असे वाटते; काही विद्यापीठे तसे करतातही.

मैत्रीच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉकनर यांनी १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेली विभागणी आजही उपयोगी आहे. परदेशी विद्यार्थ्याचे तीन वर्तुळांत मित्र असतात आणि प्रत्येक वर्तुळाचे काम वेगळे असते : स्वदेशीय मित्रांमध्ये तो आपल्या भाषेत मोकळा होतो, स्थानिक लोक अभ्यास आणि व्यवहाराच्या गोष्टींत उपयोगी पडतात, आणि इतर देशांतून आलेल्यांबरोबर सहली आणि गप्पा होतात. ‘आपल्याच लोकांत राहू नका’ हा उपदेश नेहमी केला जातो; तो अर्धाच बरोबर आहे. आपली माणसे आधार देतात, तो आधार सोडण्याचे काही कारण नाही. मात्र तिथल्या व्यवस्थेचे अलिखित नियम बहुधा स्थानिकांकडूनच कळतात, म्हणून ते वर्तुळ जाणीवपूर्वक तयार करावे लागते. ते कॉफीच्या आमंत्रणांनी फारसे तयार होत नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी त्याच त्या माणसांबरोबर काहीतरी करावे लागते, मग ते समूहगायन असो, बॅडमिंटन असो, प्रयोगशाळेतले लेख-वाचन मंडळ असो.

एकाकीपणा आणि आजार यांत मात्र फरक केला पाहिजे. नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २६ देशांतील २,२७९ जणांनी, मुख्यतः पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी, भाग घेतला होता आणि त्यांच्यात चिंता व नैराश्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सहापटीहून अधिक आढळले. अशा पाहणीला त्रासात असलेले लोक अधिक उत्तरे देतात हे लक्षात घेतले, तरी प्रश्न खरा आहे. झोप, भूक आणि काम तीनही दोन आठवडे बिघडलेले असतील, तर समुपदेशन सेवेत नाव नोंदवावे. प्रतीक्षायादी असते, म्हणून लवकर नोंदवावे. समुपदेशकाशी बोललेले सर्वसाधारणपणे गोपनीय राहते आणि प्राध्यापकांना कळवले जात नाही. जिवाला धोका असेल तेव्हाच त्याला अपवाद केला जातो. आजारपणाने असाइनमेंटची मुदत पाळता येणार नसेल, तर मुदत उलटण्यापूर्वी सवलतीचा अर्ज करावा. अमेरिकी नियमांनी तर अडखळण्याला रीतसर जागा दिली आहे : सुरुवातीला इंग्रजी भाषेची किंवा वाचनाची अडचण असेल, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसेल किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात प्रवेश झाला असेल, तर डीएसओ एका सत्रासाठी कमी भार मंजूर करू शकतो, वैद्यकीय कारण असल्यास ती सवलत एका पदवी-पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते. ब्रिटनमध्ये अभ्यास ६० दिवसांहून अधिक काळ थांबवला, तर विद्यापीठाला साधारणपणे व्हिसाचे प्रायोजकत्व मागे घ्यावे लागते, त्यामुळे ‘एक सत्र विश्रांती घेतो’ हा निर्णय तिथे एकट्याने घेण्यासारखा नाही.

जोडीदार किंवा मुले सोबत न्यायची असतील, तर प्रवेशाच्या आधीच चौकशी करावी. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अध्यापनप्रधान मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना, काही सरकारी शिष्यवृत्त्यांचा अपवाद वगळता, कुटुंब आणता येत नाही. पीएचडी आणि संशोधनावर आधारित पदवी करणाऱ्यांना येते. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. घरात दिवसभर एकटा असलेला जोडीदार हा सहाय्य-यंत्रणेच्या नजरेतून पूर्णपणे सुटलेला माणूस असतो, आणि पीएचडी अर्ध्यावर सुटण्यामागे कधीकधी प्रयोगशाळेतल्या अपयशापेक्षा हेच कारण असते.

मदत मागायची कशी, हेही सांगायला हवे, कारण ‘सर, मला खूप अडचण आहे, कृपया मदत करा’ अशा ईमेलला उत्तर देणाऱ्याला काय करावे हेच कळत नाही. विषयाच्या ओळीत विद्यार्थी क्रमांक आणि नेमकी बाब असावी. पहिल्या दोन वाक्यांत काय घडले आणि कोणत्या तारखेपर्यंत निर्णय हवा आहे ते यावे. त्यानंतर आपण आधी कोणाला विचारले आणि त्यांनी काय सांगितले ते, आणि शेवटी एकच स्पष्ट प्रश्न. असा ईमेल एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवला गेला, तरी वाटेत त्याचा अर्थ हरवत नाही. तीन-चार कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रत्यक्ष जावे. तक्रार असेल तर आधी विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करावी लागते. त्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये उच्च शिक्षणासाठीच्या स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क जाता येते, आणि ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२५ पासून राष्ट्रीय विद्यार्थी लोकपाल काम करू लागला आहे.

परत निघण्याची किंवा नोकरीकडे वळण्याची तयारीही या मदतीतच मोडते, जरी तिच्याबद्दल शेवटच्या महिन्यापर्यंत कोणी बोलत नाही. अमेरिकेत अभ्यासक्रम संपल्यावर देश सोडण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते आणि पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीचा अर्ज त्याच चौकटीत बसवावा लागतो. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसाचा, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करण्यासाठीच्या व्हिसाचा, अर्ज देशात असतानाच आणि चालू व्हिसा संपण्यापूर्वी करायचा असतो, आणि त्यासाठी विद्यापीठाने निकाल सरकारला कळवलेला असावा लागतो. तो कळवला का, हे विचारायला इंटरनॅशनल ऑफिसला एक ईमेल पुरतो. घराची अनामत परत घ्यायची, घर सोडतानाची छायाचित्रे काढून ठेवायची, गुणपत्रकाच्या प्रमाणित प्रती घ्यायच्या आणि शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना आपण पुढे कुठे अर्ज करणार आहोत ते सांगायचे. विद्यापीठाचे ईमेल खाते काही महिन्यांत बंद होते, आणि प्रबंधाचे मसुदे, मार्गदर्शकाशी झालेला पत्रव्यवहार, व्हिसाची पत्रे सगळे त्यातच असते. ते शेवटच्या परीक्षेच्या आधीच दुसरीकडे उतरवून घ्यावे.